कंपाइल केले म्हणजे खात्री पटली का? बीझिप-२ च्या निमित्ताने

२९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधील अभियंत्यांनी, एक्सझेड या फाइली कॉम्प्रेस, म्हणजे आकाराने लहान, करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरवाट दडवलेली असल्याचे जाहीर केले. दूरच्या संगणकावर लॉग-इन होण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्याशा विलंबाचा त्यांनी माग काढला होता. त्यानंतर एक सल्ला वारंवार ऐकू येऊ लागला: तयार प्रोग्राम घेऊच नका, सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, उतरवून घ्या आणि स्वतः कंपाइल करा, म्हणजे त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करा. हा सल्ला सरसकट चुकीचा नाही, परंतु या प्रकरणाला तो मुळीच लागू पडत नाही. चोरवाटेचा ऐवज चाचणीसाठी ठेवलेल्या, वरकरणी निरर्थक दिसणाऱ्या फाइलींमध्ये दडवलेला होता, आणि त्याला जागे करणारा मजकूर कोडच्या सार्वजनिक भांडारात नसून केवळ वितरणाच्या गठ्ठ्यातील, कंपाइलची पूर्वतयारी करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये होता. म्हणजेच चोरवाट प्रोग्रामात शिरत होती ती कंपाइल होत असतानाच. तीही ६४ बिटी इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरवर, लिनक्ससाठी डेबियन किंवा रेडहॅट या वितरणांच्या धर्तीचे पॅकेज बांधले जात असेल तरच.

तेव्हा कंपाइल आणि इन्स्टॉल करताना नेमके काय घडते, हे पाहणे अधिक उपयोगाचे. त्यासाठी एक्सझेडपेक्षा बराच आटोपशीर असलेला बीझिप-२ हा फाइली कॉम्प्रेस करणाराच प्रोग्राम मी निवडतो. ज्युलियन सीवर्ड यांनी तो १९९६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला आणि त्याची १.०.८ ही आवृत्ती जुलै २०१९ मध्ये आली. तो सी भाषेत लिहिलेला आहे, आणि त्याच्या पोटात असलेली एक कल्पना मला संगणकशास्त्रातील सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटते.

ती कल्पना मायकेल बरोज आणि डेव्हिड व्हीलर या संगणकशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये एका तांत्रिक अहवालात मांडली. व्हीलर यांना ती त्याच्या दहा-अकरा वर्षे आधीच सुचली होती. ‘करकरकर’ हा शब्द घ्या आणि तो कुठे संपतो हे कळावे म्हणून शेवटी एक फुली जोडा. आता या सात चिन्हांतील पहिले चिन्ह उचलून शेवटी नेत राहिल्यास एकाच मजकुराची सात वर्तुळाकार रूपे मिळतात. ती एकाखाली एक लिहून, फुली सर्वांत आधी, मग क, मग र, अशा क्रमाने लावावीत आणि प्रत्येक ओळीतील केवळ शेवटचे चिन्ह टिपावे. हाती येते ते असे: र, र, र, फुली, क, क, क. विखुरलेली अक्षरे एकत्र आली. विशेष म्हणजे एवढ्या सात चिन्हांवरून मूळ शब्द परत मिळवता येतो. या स्तंभातील चिन्हे क्रमाने लावली की प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर कळते: फुली, क, क, क, र, र, र. कोणत्याही ओळीचे शेवटचे अक्षर हे मूळ मजकुरात तिच्या पहिल्या अक्षराच्या लगेच आधीचे असते, आणि शेवटच्या स्तंभातील दुसरा ‘र’ हाच पहिल्या स्तंभातील दुसरा ‘र’ असतो. एका अक्षराच्या सर्व प्रतींचा आपसांतील क्रम दोन्ही स्तंभांत तोच राहतो. फुलीच्या ओळीपासून सुरुवात करून या दोन नियमांनी एकेक पाऊल टाकत गेल्यास शब्द उलट्या क्रमाने उलगडतो. प्रत्यक्ष बीझिप-२ फुली वापरत नाही. मूळ मजकूर क्रमवारीत कितव्या ओळीत आला, तो आकडा तेवढा नोंदवून ठेवतो.

खऱ्या मजकुरात हे का उपयोगी पडते, याचे उत्तम उदाहरण मराठी फाइलींचेच आहे. अक्षरे संगणकात साठवण्याच्या युटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट, म्हणजे ० ते २५५ मधले तीन आकडे, घेते. पहिला बाइट नेहमी २२४ असतो, आणि दुसरा १६४ किंवा १६५. व्यंजने, बहुतेक स्वर, काना आणि ऱ्हस्व वेलांटी १६४ मध्ये येतात, तर दीर्घ वेलांटीपासून पुढच्या बहुतेक खुणा आणि देवनागरी अंक १६५ मध्ये. त्यामुळे १६४ ने सुरू होणारी वर्तुळाकार रूपे क्रमवारीत शेजारी आली की त्यांचा शेवटचा बाइट ओळीने २२४, २२४, २२४ असाच निघतो. ‘त’ हे अक्षर २२४, १६४, १६४ असे लिहिले जाते आणि तिथे गोंधळ होईल असे वाटते. परंतु क्रमवारी पुढचे बाइटही पाहत असल्याने तिसऱ्या स्थानावरचे १६४ दुसऱ्या स्थानावरच्या १६४ पासून आपोआप वेगळे पडते. मराठी मजकूर इंग्रजीच्या तिप्पट जागा खातो, ही तक्रार कॉम्प्रेस न केलेल्या फाइलीपुरती बरीचशी खरी आहे, परंतु कॉम्प्रेस केल्यानंतर तो फरक बराच कमी होतो, कारण तो मुख्यतः या पुनरुक्तीचाच असतो.

यानंतरचे टप्पे थोडक्यात सांगतो. चिन्हांची एक यादी राखली जाते, नुकतेच आलेले चिन्ह तिच्या अग्रभागी आणले जाते आणि प्रत्येक चिन्हाऐवजी यादीतील त्याचे स्थान लिहिले जाते. एकसारख्या चिन्हांची रांग म्हणजे मग शून्यांची रांग होते. ती रांग संख्येने व्यक्त करून उरलेल्या चिन्हांना हफमन पद्धतीने, वारंवार येणाऱ्यास आखूड आणि क्वचित येणाऱ्यास लांब, असे संकेत दिले जातात. त्यासाठी दोन ते सहा तक्ते एकाच वेळी हाताशी असतात आणि दर पन्नास चिन्हांनंतर तक्ता बदलता येतो. हे सारे जास्तीत जास्त नऊ लाख बाइटांच्या ठोकळ्यावर चालते. नऊ लाख रूपे प्रत्यक्ष लिहून काढायची तर ८१,००० कोटी बाइट लागतील. प्रोग्राम केवळ त्यांच्या आरंभस्थानांची क्रमवारी लावतो आणि साधारण ७६ लाख बाइटांच्या स्मृतीत काम भागवतो.

कोणतीही फाइल दहापटीने लहान करून देण्याचा, किंवा लहान झालेली फाइल पुन्हा पुन्हा लहान करण्याचा दावा जे करतात, त्यांच्यासाठी एक साधा हिशोब पुरेसा आहे: ठरावीक लांबीच्या जितक्या फाइली संभवतात, तितक्या त्याहून आखूड फाइली अस्तित्वातच नसतात, म्हणून काहीही न गमावता सर्वच फाइली लहान करणारा प्रोग्राम असू शकत नाही. यदृच्छ आकड्यांची फाइल बीझिप-२ ला दिली तर ती सुमारे अर्ध्या टक्क्याने वाढते, आणि हे त्याच्या माहितीपुस्तिकेतच प्रांजळपणे सांगितलेले आहे.

आता कंपाइल. लिनक्सवर गठ्ठा उलगडून त्या फोल्डरमध्ये ‘मेक’ ही कमांड दिली की सी भाषेतील सात फाइलींचे यंत्रभाषेत रूपांतर होऊन एक लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांनाही वापरता येणारा संच, तयार होते, आणि आठव्या फाइलीतील मुख्य प्रोग्राम तिला जोडला जातो. एक्सझेडप्रमाणे येथे पूर्वतयारीची लांबलचक स्क्रिप्ट नाही. मेकने काय काय करायचे हे सांगणारी जी मेकफाइल आहे ती काही मिनिटांत डोळ्यांखालून घालता येते, आणि माझ्या मते सुरक्षिततेच्या दृष्टीने हा मोठाच गुण आहे. प्रोग्राम बांधून होताच मेक थांबत नाही. सोबतच्या तीन नमुना फाइली तो नव्या प्रोग्रामकडून कॉम्प्रेस करून घेतो, तीन कॉम्प्रेस केलेल्या फाइली उलगडून घेतो, आणि सहाही निकाल लेखकाने आधीच देऊन ठेवलेल्या फाइलींशी बाइटनिशी ताडून पाहतो. या चाचणीतून प्रोग्राम या नमुन्यांवर अचूक चालतो एवढे सिद्ध होते; तो आणखी काही करत नाही ना, हे तिला कळत नाही. ‘मेक इन्स्टॉल’ या कमांडने फाइली ‘यूएसआर लोकल’ या फोल्डरमध्ये जातात, आणि लिनक्सच्या वितरणासोबत आलेल्या प्रतीला धक्का लागत नाही. ती व्यवस्था मोडू नये, कारण इतर अनेक प्रोग्राम त्या मूळ लायब्ररीवर विसंबून असतात.

मॅकवर ॲपलची कमांड-लाइन साधने असल्यास हीच मेकफाइल चालते. सामायिक लायब्ररी बांधणारी वेगळी मेकफाइल मात्र अडखळते, कारण ती लायब्ररीच्या नावासाठी जो पर्याय देते तो लिनक्सच्या लिंकरला, म्हणजे प्रोग्रामाचे तुकडे जोडणाऱ्या साधनाला, समजतो, मॅकच्या नाही. शिवाय २०१५ पासून मॅकमधील मूळ प्रोग्रामांचे फोल्डर व्यवस्थापकालाही सहजासहजी बदलता येत नाही, त्यामुळे नवी प्रत तिथे ठेवण्याच्या फंदात पडू नये.

विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टच्या ‘एनमेक’ या मेकसारख्याच साधनाला समजेल अशी स्वतंत्र मेकफाइल दिलेली आहे, इन्स्टॉलची सोय तीत नाही, म्हणून तयार झालेला प्रोग्राम एखाद्या फोल्डरमध्ये स्वतः ठेवून ते फोल्डर ‘पाथ’मध्ये, म्हणजे प्रोग्राम जिथे शोधले जातात त्या फोल्डरांच्या यादीत, नोंदवावे लागते. त्याचीच एक प्रत ‘बीअनझिप-२’ या नावाने ठेवली तर ती फाइली उलगडू लागते, कारण आपल्याला कोणत्या नावाने हाक मारली हे पाहूनच प्रोग्राम आपले काम ठरवतो. सोर्स कोडमध्ये विंडोजसाठी एक नाजूक तरतूदही आहे. ही प्रणाली वाचल्या-लिहिल्या जाणाऱ्या बाइटांच्या प्रवाहाला मजकूर समजली तर लिहिताना १० या, ओळ संपल्याची खूण असलेल्या, बाइटाआधी १३ घुसडते, आणि वाचताना २६ हा बाइट दिसताच फाइल संपली असे मानते. कॉम्प्रेस केलेल्या फाइलीत हे आकडे कुठेही येऊ शकतात, म्हणून तिथे प्रवाह आधी बायनरी, म्हणजे बाइट जसेच्या तसे ठेवणाऱ्या, पद्धतीत बदलला जातो. लिनक्सवर या ओळीची गरज नसते, आणि कंपायलर ती तिथे वगळतो.

अशा रीतीने तीन ठिकाणी यंत्रभाषेतील तीन निरनिराळे प्रोग्राम तयार होतात, परंतु त्यांनी निर्माण केलेली फाइल एकच असते. तिच्या प्रत्येक ठोकळ्याच्या आरंभी पाय (π) या गणिती स्थिरांकाचे आकडे, ३१४१५९२६५३५९, आणि सर्व ठोकळे संपल्यावर अगदी शेवटी पायच्या वर्गमुळाचे आकडे खूण म्हणून कोरलेले असतात, तेही सर्वत्र तसेच. फाइल बिघडल्यास सोबतचा दुरुस्ती प्रोग्राम याच खुणांवरून शाबूत ठोकळे शोधून काढतो. जीझिप हा फाइली कॉम्प्रेस करणारा दुसरा प्रोग्राम आपल्या फाइलीत मूळ नाव आणि वेळ नोंदवू शकतो, बीझिप-२ यांपैकी काहीही नोंदवत नाही. म्हणून एकाच आवृत्तीने आणि ठोकळ्याच्या एकाच आकाराने तिन्ही यंत्रणांवर एक फाइल कॉम्प्रेस करावी, आणि लिनक्सवर ‘शा२५६सम’, मॅकवर ‘शासम’ व विंडोजवर ‘सर्टयुटिल’ वापरून निकालाचे शा-२५६ पद्धतीचे हॅश, म्हणजे फाइलीतील बाइटांवरून काढलेले ठशासारखे आकडे, काढावेत. ते जुळले नाहीत तर प्रोग्रामवर संशय घेण्याआधी मूळ फाइलींचे हॅश पाहावेत, कारण मजकुराची फाइल एका यंत्रणेवरून दुसरीवर नेताना तिच्या ओळींच्या शेवटी पुष्कळदा तोच १३ शिरलेला असतो.