अक्षरांतून शब्द की अक्षरं असलेला शब्द?

कुणीतरी ग्रुपवर सहा इंग्रजी अक्षरं टाकतं: टी, ई, ए, सी, एच, आर. खाली एकच ओळ, 'यांचा सगळ्यात लांब शब्द सांगा.' एक जण 'हार्ट' म्हणतो. दुसरा 'आर्किटेक्चर' लिहितो. मग पहिला चिडतो, 'यू कुठून आणलास?' इथून पुढे अर्धा तास वाद. हा वाद मी इतक्या वेळा पाहिलाय की आता नीट लिहूनच टाकतो. दोघांचीही उत्तरं बरोबर आहेत. प्रश्न दोन होते आणि विचारणाऱ्याने ते एका वाक्यात कोंबले.

पहिला प्रश्न: या अक्षरांतून शब्द बनवा. हा आपल्याला शाळेपासून माहीत आहे. दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात एक शब्द देऊन त्यातल्या अक्षरांपासून चार शब्द करायला सांगतात, तोच हा प्रकार. ब्रिटनमध्ये १९८२ पासून चालू असलेल्या 'काउंटडाउन' या टीव्हीवरच्या खेळात नऊ अक्षरं आणि तीस सेकंद मिळतात, तिथेही हाच नियम. दिलेलं अक्षर जितक्या वेळा दिलंय तितक्याच वेळा वापरायचं, बाहेरचं एकही घ्यायचं नाही. यावर जास्त बोलायची गरज नाही.

दुसरा प्रश्न: ही अक्षरं असलेला शब्द शोधा. दिलेली सगळी अक्षरं शब्दात हवीत, बाकी काय वाटेल ते असू दे. आर्किटेक्चर, ट्रेचरस, पॅराशूट: तिन्हींची इंग्रजी स्पेलिंगं लिहून पाहा, सहाच्या सहा अक्षरं सापडतील.

घोळ होतो तो इथे. पहिल्या प्रश्नात दिलेली अक्षरं म्हणजे कमाल मर्यादा. सहा अक्षरं दिली तर शब्द सहाच्या वर जाऊच शकत नाही, म्हणून 'सगळ्यात लांब' शोधण्यात खरी कसोटी आहे. दुसऱ्या प्रश्नात तीच अक्षरं किमान अट होतात. वर मर्यादाच नाही. मग 'सगळ्यात लांब' विचारण्यात काय हशील? फुप्फुसात सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ जाऊन होणाऱ्या आजाराचं ४५ अक्षरांचं नाव ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिऑसिस. त्यात १४ वेगवेगळी अक्षरं येतात आणि पाचही स्वर त्यांत आहेत. 'पाचही स्वर असलेला सगळ्यात लांब शब्द कोणता' असं विचारलंत की हे नाव पुढे येणार. पी, एल, टी आणि व्ही असलेला? पुन्हा हेच. ज्या प्रश्नाला दर वेळी तेच उत्तर येतं तो प्रश्न विचारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अक्षरं 'असलेला' शब्द हवा असेल तर सगळ्यात छोटा विचारा. पाचही स्वर असलेला छोटा शब्द शोधताना 'एज्युकेशन'ची नऊ अक्षरं, 'इक्वेशन'ची आठ आणि मग 'सिकोया' या प्रचंड वृक्षाच्या नावाची फक्त सात! दोनच व्यंजनांत पाच स्वर बसवणारा हा शब्द पहिल्यांदा सापडला तेव्हा मला जो आनंद झाला, तो ४५ अक्षरांच्या नावाने कधी दिला नाही. लांबच हवा असेल तर निदान लांबी ठरवून द्या: 'बारा अक्षरी सांगा.'

मधला एक प्रकार न्यूयॉर्क टाइम्सच्या 'स्पेलिंग बी' या शब्दकोड्यामुळे लोकांच्या अंगवळणी पडलाय. तिथे बाहेरचं अक्षर चालत नाही, पण दिलेलं कितीही वेळा वापरता येतं. या नियमाने आपल्या सहा अक्षरांतून 'टीचर' आणि 'रॅचेट' तर होतातच, नऊ अक्षरांचा 'कॅरेक्टर'ही होतो. ही सवय घेऊन लोक स्क्रॅबल खेळायला बसतात आणि एकच ई हातात असताना 'टीचर' लावायला बघतात. स्क्रॅबलमध्ये तर दोन्ही प्रश्न एकत्र येतात: हातातल्या सात सोंगट्यांतून बनवायचं, पण बहुतेक वेळा पटावरचं अक्षरही शब्दात घ्यावं लागतं.

आणि या सगळ्याला सरसकट 'अॅनाग्रॅम' म्हणणं थांबवा. अॅनाग्रॅम म्हणजे सगळी अक्षरं वापरून, एकही न वाढवता केलेली फेरमांडणी. 'लिसन' आणि 'सायलेंट', बस.

तपासायची माझी पद्धत एकच आहे. अक्षरं वर्णानुक्रमे लावायची. आपली सहा होतात ए-सी-ई-एच-आर-टी. 'हार्ट' होतो ए-ई-एच-आर-टी, म्हणजे आपल्या ओळीतला सी गाळला की मिळतो. तो अक्षरांतून बनलाय. 'आर्किटेक्चर' होतो ए-सी-सी-ई-ई-एच-आय-आर-आर-टी-टी-यू. यातली काही गाळली की आपली ओळ मिळते, म्हणजे त्यात आपली अक्षरं आहेत. कोण कुणात बसतंय एवढंच बघायचं. दुहेरी अक्षरंही यात आपोआप मोजली जातात. संगणकावर शब्दांची यादी 'ग्रेप' या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने चाळणारे नेमके तिथेच फसतात: दोन झेड हवेत म्हणून झेडची चाळणी दोनदा लावतात आणि 'झिब्रा' दोन्हींतून आरामात पुढे जातो, कारण दोन्ही वेळा तोच झेड मोजला जातो. 'पिझ्झा'च हवा असेल तर एकाच चाळणीत झेड, मध्ये काहीही, पुन्हा झेड, असं सांगावं लागतं.

राहिला क्रम. अक्षरं सलग हवीत, क्रमाने हवीत की कशीही, हे विचारतानाच सांगा, विषय मिटतो. पाच स्वर क्रमाने म्हटलं की 'फेसिशस' सगळ्यांना पाठ असतो. उलट्या क्रमाने, यू-ओ-आय-ई-ए, प्रत्येकी एकदाच, असं विचारलं तर फार थोड्यांना सुचतं की उत्तर आपल्याच भूभागाबद्दल रोज वापरलं जातं: 'सबकॉन्टिनेन्टल'.