पन्नाशी उलटली म्हणून जीप ‘विंटेज’ होत नाही

दारव्ह्याकडं एका कास्तकाराच्या गोठ्यात आजोबांची पेट्रोल जीप उभी आहे. आत मात्र डिझेल इंजिन; वावरात परवडावं म्हणून कधीच बदललेलं. तरी पारावर ठाम समज: ५० वर्षं झाली, आता ती विंटेज, काहीही बसवा.

हे खरं नाही. विंटेज, म्हणजे जपलेल्या जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय नियमांत वयासोबत दुसरी अट आहे: गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल नको. म्हणजे ही जीप तिथंच अडकते. नोंदणी आपोआपही होत नाही. अर्ज लागतो, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. वर ती गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कामांपुरतीच रस्त्यावर. कापसाची बोंदरी टाकून जिनिंगवर न्यायची असेल तर विंटेजचा नाद सोडलेला बरा.

मग साधी नोंदणी ठेवून हवं ते करावं? तेही नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. इंजिन बदलायला आरटीओची परवानगी आणि आरसीत नोंद लागते. विंटेजच हवी असेल आणि जुनं पेट्रोल इंजिन भंगारात दिलं नसेल, तर मात्र ते आधी शोधा.