तपास आणि गुप्तवार्ता: ‘सीआयडीत जायचंय’ म्हणजे नक्की कुठे?

मोर्चा असो की बड्या नेत्याची सभा, गर्दीच्या कडेला साध्या कपड्यातला एक माणूस उभा असतो. कोण काय बोललं, माणसं किती आली, कुठून आली, हे तो टिपत असतो. आजूबाजूचे लोक एकमेकांना खुणावतात, ‘सीआयडीवाला दिसतोय.’ बहुतेक वेळा तो सीआयडीचा नसतोच. तो जिल्हा विशेष शाखेचा असतो, पोलीस ठाण्यात गोपनीयचं काम बघणारा अंमलदार असतो, नाहीतर राज्य गुप्तवार्ता विभागाचा. सीआयडी, म्हणजे राज्य गुन्हे अन्वेषण विभाग, हे वेगळं खातं आहे. त्याचं मुख्यालय पुण्यात आहे आणि सरकारने, न्यायालयाने किंवा पोलीस महासंचालकांनी सोपवलेले गुन्हे तपासणं हे त्याचं काम. पोलीस कोठडीत मृत्यू झाला तर तपास सीआयडीकडे जातो तो यामुळेच.

गर्दीतल्या लोकांच्या या गल्लतीने कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींचं. ‘मला डिटेक्टिव्ह व्हायचंय’ असं म्हणणाऱ्याच्या मनात दोन चित्रं एकमेकांत मिसळलेली असतात. एकात धागा धागा जुळवत खुन्यापर्यंत पोचणारा अधिकारी असतो, दुसऱ्यात ओळख लपवून टोळीच्या आतली खबर काढणारा. ही दोन निरनिराळी करिअर आहेत. त्यांचे दरवाजे वेगळे, शिक्षण वेगळं, आणि दोन्हींना लागणारा स्वभाव तर फारच वेगळा. चुकीच्या दारात उभं राहून तरुणपणाची उमेदीची वर्षं घालवणारी मुलं पाहिली की जीव तुटतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

तपास गुन्हा घडल्यावर सुरू होतो आणि न्यायालयात संपतो. गुप्तवार्तेचं काम काही घडण्याआधीचं असतं, आणि ते वरिष्ठांच्या टेबलावर संपतं. बाकीचे सगळे फरक इथून निघतात.

आधी तपास. पोलिसापुढे आरोपीने दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. हे तत्त्व ब्रिटिश काळापासूनचं आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ते कलम २३ मध्ये कायम ठेवलं आहे. आरोपीने सांगितल्यावरून काही सापडलं, समजा विहिरीत टाकलेला कोयता, तर कबुलीतला त्या शोधाशी थेट जोडलेला भाग तेवढा चालतो. त्यामुळे चांगला तपास अधिकारी आरोपीच्या तोंडापेक्षा कोयत्याच्या पंचनाम्याची जास्त काळजी करतो. पंच कोण होते, कोयता कुणी काढला, त्याला सील कधी लागलं, मुद्देमालाच्या नोंदवहीत तो कुठल्या दिवशी चढला, प्रयोगशाळेत कुणी नेला, सीए रिपोर्टमधला, म्हणजे रासायनिक विश्लेषकाच्या अहवालातला, रक्तगट कुणाशी जुळला. यातली एक कडी सैल राहिली की उलटतपासणीत बचाव पक्षाचा वकील नेमका तिथेच हात घालतो.

नव्या कायद्यांनी हे ओझं आणखी वाढवलं आहे, आणि माझ्या मते ते चांगलंच झालं. फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण करावं लागतं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येऊन पुरावे गोळा करणं हा आता कायद्याचा भाग आहे. मोबाइलमधला व्हिडिओ पुरावा म्हणून द्यायचा तर सोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. शिवाय घड्याळ चालू असतंच. आरोपी कोठडीत असताना गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो, मग गुन्हा कितीही भयंकर असो.

पडद्यावर हे काही दिसत नाही. तिथे संशयिताच्या डोळ्यांत बघून खरं-खोटं ओळखतात. प्रत्यक्षातला दिवस केस डायरी लिहिण्यात, सीडीआर (फोन कॉलच्या नोंदी) चाळण्यात, फितूर होऊ पाहणाऱ्या साक्षीदाराला धीर देण्यात आणि सरकारी वकिलाच्या शंकांना उत्तरं देण्यात जातो. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाचं उदाहरण घ्या. १९७६-७७ मध्ये शहर हादरवणाऱ्या त्या खुनांत टोळीतलाच एक जण माफीचा साक्षीदार झाला. आतल्या माणसानेच सगळं सांगितलं म्हटल्यावर काम संपलं असं वाटेल. पण माफीचा साक्षीदार स्वतः गुन्ह्यात सामील असल्यामुळे न्यायालय त्याच्या शब्दाला स्वतंत्र दुजोरा मागतं. तो दुजोरा उभा करणं ही पोलिसांची खरी मेहनत होती. चौघांची फाशी वरच्या न्यायालयांतही टिकली आणि १९८३ मध्ये येरवड्यात ती दिली गेली.

आता गुप्तवार्ता. इथे पुरावा लागत नाही, अंदाज लागतो, आणि तोही वेळेत. एखाद्या तालुक्यात दोन गटांत तेढ वाढते आहे, मिरवणुकीच्या मार्गावरून कुजबुज चालू आहे, बाहेरून कुणी येऊन राहिलं आहे, हे आठ दिवस आधी कळलं तर बंदोबस्त लावता येतो. कळवणाऱ्याला ते न्यायालयात सिद्ध करावं लागत नाही. माहिती कुठून मिळाली हे सांगायला पोलिसाला भाग पाडता येत नाही, अशी तरतूदही साक्षीच्या कायद्यात आहे. मात्र आपल्याला नक्की काय ठाऊक आहे, काय ऐकीव आहे आणि काय निव्वळ तर्क आहे, हे अहवालात प्रामाणिकपणे वेगळं लिहावं लागतं. ऐकीव गोष्ट पक्की म्हणून वर गेली तर निरपराध माणसं उचलली जातात. पक्की गोष्ट ऐकीव म्हणून खाली दबली तर माणसं मरतात.

२६/११ मध्ये या दोन्ही कामांची परीक्षा झाली. मुंबईवर समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो अशा सूचना आधी येत होत्या. हल्ल्यानंतर राज्याने नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांच्या प्रतिसादाबरोबर हेही तपासलं, आणि आलेल्या सूचना एकत्र लावून त्यांवर पद्धतशीर काम झालं नाही, हा तिच्या निष्कर्षांतला महत्त्वाचा भाग होता. तपासाची बाजू मुंबई क्राइम ब्रँचकडे होती. हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्यामुळे एक हल्लेखोर जिवंत हाती लागला होता. तरीही त्याने पोलिसांना जे सांगितलं त्यावर खटला उभा राहणार नव्हता. त्याचा कबुलीजबाब फेब्रुवारी २००९ मध्ये दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवला गेला, त्याच महिन्यात ११ हजारांहून अधिक पानांचं दोषारोपपत्र दाखल झालं, आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली.

त्याच खटल्यातले दोन भारतीय आरोपी मात्र सुटले. हल्लेखोरांना नकाशे पुरवल्याचा त्यांच्यावर आरोप होता, आणि मारल्या गेलेल्या दहशतवाद्याच्या खिशात नकाशा सापडल्याचं पोलिसांनी सांगितलं होतं. गोळ्यांनी चाळण झालेल्या माणसाच्या खिशातला कागद, आणि त्यावर रक्ताचा डाग नाही, तो चुरगळलेलाही नाही, हे न्यायाधीशांच्या नजरेतून सुटलं नाही. तिन्ही न्यायालयांत ती सुटका कायम राहिली. देशातल्या सर्वांत गाजलेल्या खटल्यातही एका कागदाला एवढं उत्तर द्यावं लागतं, हे तपासात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. याच खटल्यात दोन्ही कामं एका जागी भेटलीही. हल्ला चालू असताना एटीएसने टिपलेलं हल्लेखोर आणि त्यांच्या सूत्रधारांमधलं संभाषण पुढे न्यायालयात पुरावा म्हणून उभं राहिलं.

मग या दोन्हीकडे जायचं कसं?

सीआयडीत किंवा क्राइम ब्रँचमध्ये तपास अधिकारी म्हणून थेट भरती होत नाही. दहावी-बारावीच्या मुलांना ‘सीआयडी कोर्स’ विकणाऱ्या जाहिराती दिसतात, त्यांत पैसे घालू नका. आधी पोलीस व्हावं लागतं. पदवीधरांसाठी सरळ वाट एमपीएससीतून पोलीस उपनिरीक्षक होण्याची: पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा, मैदानी चाचणी, मुलाखत. उंची पुरुषांना किमान १६५ सेंमी आणि महिलांना १५७ सेंमी लागते. फॉर्म भरण्याआधी ती नीट मोजून घ्या, पूर्व आणि मुख्य पार करून इथे अडकलेल्यांचं दुःख मोठं असतं. पुढचं प्रशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत होतं. कवायत आणि शस्त्रं यांच्या बरोबरीने कायदा, न्यायवैद्यकशास्त्र, पंचनामा आणि जबाब लिहिणं हे सगळं तिथे शिकवलं जातं. कवायतीचा धसका सगळेच घेतात, पण पुढच्या नोकरीत सोबत राहतं ते जबाब लिहिण्याचं शिक्षण.

बारावीनंतर शिपाई म्हणून आलेल्यांनाही वाट आहे, आणि ती अलीकडे रुंद झाली आहे. पूर्वी किरकोळ गुन्ह्यांचा तपासही हवालदारापासून वरच्यांकडेच असे. २०२५ मध्ये राज्याने पदवीधर, सात वर्षं सेवा झालेल्या आणि नाशिकच्या गुन्हे अन्वेषण प्रशिक्षण विद्यालयात सहा आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण झालेल्या शिपायांना असे गुन्हे तपासायची मुभा दिली. शिपाई म्हणून लागलात तर पदवी सोडू नका, हे मी आता जास्तच ठासून सांगतो.

एकदा आत गेल्यावर गुन्हे शोधायची नजर घडते ती पोलीस ठाण्याच्या डीबी पथकात, म्हणजे गुन्हे शोध पथकात. तिथून जिल्ह्यात स्थानिक गुन्हे शाखा, आयुक्तालयात गुन्हे शाखा, आणि काहींच्या बाबतीत बदलीने सीआयडी. वाटेत केंद्राच्या पोलीस संशोधन आणि विकास ब्युरोच्या डिटेक्टिव्ह प्रशिक्षण संस्थांतले अभ्यासक्रमही मिळू शकतात. त्यातली कोलकात्याची संस्था १९५८ ची, हैदराबादची १९६४ ची. मात्र हे अभ्यासक्रम सेवेतल्या पोलिसांसाठी असतात, बाहेरून कुणाला तिथे प्रवेश नाही. मुंबईत आणखी एक घोळ होतो. तिथल्या क्राइम ब्रँचच्या गुन्हा क्रमांकात ‘डीसीबी सीआयडी’ असं लिहिलेलं असतं, त्यामुळे ती पुण्याच्या सीआयडीची शाखा वाटते. ती मुंबईच्या पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीत आहे.

न्यायवैद्यकशास्त्राची पदवी घेतली की डिटेक्टिव्ह होता येतं, असंही अनेक पालक समजतात. ती पदवी मुंबईत कलिनाला आहे तशा न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नेते. काम मोलाचं आहे, पण आरोपीला अटक करण्याचं नाही.

गुप्तवार्तेत जाणाऱ्यांतले बरेच जण पोलीस दलातूनच बदलीने जातात, विशेष शाखेत किंवा राज्य गुप्तवार्ता विभागात. या कामाच्या प्रशिक्षणासाठी पुण्यात वेगळी अकादमी आहे. पोलीस न होताही या क्षेत्रात जायचं असेल तर केंद्राच्या इंटेलिजन्स ब्युरोची सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी पदाची परीक्षा पदवीधरांना देता येते. १८८७ पासून चालत आलेल्या या संस्थेला अटकेचे अधिकार नाहीत आणि ती खटलेही चालवत नाही. तिथे दोषारोपपत्र शिकवत नाहीत. माणूस कसा जोडायचा, त्याला धोक्यात न घालता त्याच्याकडून माहिती कशी मिळवायची, तो खोटं बोलत असेल तर ते दुसऱ्या वाटेने कसं पडताळायचं आणि ते सगळं थोडक्यात कसं लिहायचं, हे शिकावं लागतं. भाषा हा इथे मोठा गुण आहे. गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलता येणारा माणूस तिथल्या कामासाठी इंग्रजीच्या पदवीपेक्षा मोलाचा.

स्वभावाचं बोलायचं तर तपासात नाव होतं, टीकाही होते, आणि दोन्ही चारचौघांत होतात. मुंबईच्या उपनगरांत खून पाडणाऱ्या रामन राघवला १९६८ मध्ये पकडणारे आणि तो तपास पाहणारे अधिकारी आजही लोकांना नावाने ठाऊक आहेत. गुप्तवार्तेतलं यश म्हणजे न झालेली दंगल, आणि न झालेल्या दंगलीची बातमी छापून येत नाही. चूक झाली की मात्र चौकशी समिती बसते. हे वर्षानुवर्षं गप्प राहून पेलणारी माणसं असतात. मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो, पण सगळ्यांना ते जमत नाही आणि त्यात कमीपणा नाही.

आपण कुठले, हे अर्ज भरण्याआधी अजमावता येतं. जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात खुल्या सुनावणीला कुणीही जाऊन बसू शकतं. तपास अधिकाऱ्याची उलटतपासणी चालू असेल असा दिवस शोधा आणि ती शेवटपर्यंत ऐका. पंचनाम्यातल्या एका वेळेवरून तासभर चाललेली खडाजंगी तुम्हाला रंगतदार वाटली, तर एमपीएससीचा अभ्यास सुरू करा. गुप्तवार्तेचं काम असं बसून बघता येत नाही. त्यासाठी आपल्या तालुक्यात येत्या आठवड्यात काय घडण्याची शक्यता आहे आणि का, हे अर्ध्या पानात लिहून काढा. ऐकीव काय, पाहिलेलं काय, ते वेगळं दाखवा. आठवडा संपल्यावर तो कागद काढून ताडून बघा, आणि असं काही महिने करत राहा.