चिकन रन

चिकन रन : ब्रिटिश विनोदी अ‍ॅनिमेशनपट. प्रदर्शन जून २०००, लांबी ८४ मिनिटे. दिग्दर्शक पीटर लॉर्ड आणि निक पार्क, पटकथा कॅरी कर्कपॅट्रिक, संगीत जॉन पॉवेल व हॅरी ग्रेगसन-विल्यम्स. ब्रिस्टल शहरातील आर्डमन अ‍ॅनिमेशन्सने ड्रीमवर्क्स आणि पाथे या कंपन्यांच्या साथीने त्याची निर्मिती केली. बाहुल्या हाताने कणाकणाने हलवून एकेक चौकट टिपण्याच्या पद्धतीने, म्हणजे स्टॉप-मोशनने बनलेल्या चित्रपटांत आजवर सर्वाधिक कमाई याच चित्रपटाची आहे.

लॉर्ड आणि डेव्हिड स्प्रॉक्स्टन या दोन शाळकरी मित्रांनी १९७२ मध्ये आर्डमन सुरू केली. पुढे निक पार्क त्यांना येऊन मिळाले. पार्क यांच्या लघुपटांना १९९० च्या दशकात तीन ऑस्कर मिळाले, पण पूर्ण लांबीचा चित्रपट या मंडळींनी तोवर केला नव्हता. कल्पना एका वाक्यात सांगता येईल इतकी साधी होती : दुसऱ्या महायुद्धातील युद्धकैद्यांच्या पलायनावरचा ‘द ग्रेट एस्केप’ (१९६३) हा चित्रपट, पण कैद्यांच्या जागी कोंबड्या.

कथा १९५० च्या दशकातील यॉर्कशरमधल्या ट्वीडी दांपत्याच्या कुक्कुटपालन केंद्रावर घडते. काटेरी तारेचे कुंपण, राखणीचे कुत्रे, ओळीने बांधलेली लाकडी खुराडी आणि रोजची हजेरी. जिंजर ही हुशार कोंबडी पळून जाण्याचे बेत आखते, दर वेळी पकडली जाते आणि कोळशाच्या पेटीत कोंडली जाते. एकटीच पळायचे तर ती केव्हाच पळाली असती, पण तिला सगळ्यांना बाहेर काढायचे आहे. अशात कुंपणावरून उडत रॉकी नावाचा अमेरिकी कोंबडा येऊन पडतो आणि सगळ्याजणी त्याच्याकडून उडणे शिकायला बसतात. इकडे अंड्यांच्या तुटपुंज्या मिळकतीला कंटाळलेली मिसेस ट्वीडी ‘पाय’, म्हणजे आत सारण भरून भट्टीत भाजायचा पदार्थ, बनवणारे अजस्र यंत्र आणते. सारण अर्थातच कोंबडीचे.

या चित्रपटाचा विनोद टिकतो तो त्यातली भीती खरी असल्यामुळे. सुरुवातीलाच एडविना नावाची कोंबडी अंडी देत नाही म्हणून तिला हजेरीतून ओढून नेले जाते. कुऱ्हाड खाली येते ती आपल्याला फक्त सावलीत दिसते. मुलांच्या चित्रपटात असा प्रसंग ठेवायला धाडस लागते, आणि तो ठेवला म्हणूनच पुढचे प्रत्येक हसू मोलाचे होते. सतत विणकाम करणारी भोळी बॅब्स पाहावी. कोंडवाड्यातून सुटून आलेल्या जिंजरला ती विचारते, सुट्टीवरून आलीस का? आपला ‘पाय’ होणार हे कळल्यावर तिची तक्रार एवढीच असते की तिला रस्सा आवडत नाही. मरणाच्या दारातला हा भाबडेपणा पाहून हसूही येते आणि पोटात कालवतेही. हवाई दलाच्या आठवणी सांगणारा म्हातारा कोंबडा फाउलर अमेरिकी रॉकीवर सारखा डाफरतो, त्यामागे युद्धकाळातील ब्रिटिश-अमेरिकी कुरबुरी आहेत. हा धागा ब्रिटनमधल्या वडीलधाऱ्या प्रेक्षकांना चांगलाच ओळखीचा होता.

प्लॅस्टिसीन ही तेलात मळलेली माती. आपली शाडू वाळली की कडक होते, भेगाळते. प्लॅस्टिसीन कधीच वाळत नाही, म्हणून महिनोन्‌महिने तिला आकार देता येतो. पण ती जड असते आणि दिव्यांच्या उष्णतेने मऊ पडते. पिसांनी भरलेल्या गुबगुबीत कोंबड्या निव्वळ मातीच्या केल्या असत्या तर तोलही सांभाळला नसता. म्हणून आत सांधे असलेला धातूचा सांगाडा, अंग सिलिकॉनचे आणि चेहरा-हात मातीचे, अशी रचना ठरली. सिलिकॉन आणि माती जिथे जुळतात तो सांधा झाकायला कोंबड्यांच्या गळ्यात स्कार्फ, माळा आणि रुमाल आले. कैदेतल्या कोंबड्यांचे हे नटणे पडद्यावर इतके शोभून दिसते की त्यामागे कारागिराची अडचण असेल अशी शंकाही येत नाही. माणसांसोबतच्या दृश्यांसाठी याच कोंबड्यांच्या लहान आवृत्त्या केल्या होत्या, नाहीतर त्या मापाची मिसेस ट्वीडी अवाढव्य झाली असती.

पडद्यावर एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. त्या हिशेबाने ८४ मिनिटांच्या सव्वा लाखाच्या आसपास होतात. एका अ‍ॅनिमेटरच्या हातून दिवसभरात मोजक्याच सेकंदांचे काम होई, म्हणून अनेक सेटवर एकाच वेळी चित्रीकरण चाले. शब्दागणिक ओठांचे आकार बदलायचे, भुवई केसभर उचलायची, मागे सरून कळ दाबायची, पुन्हा पुढे यायचे. नीट पाहिले तर चेहऱ्यांवर बोटांचे ठसे दिसतात. आर्डमनने ते पुसून टाकण्याचा अट्टहास कधी केला नाही, आणि ते फार चांगले झाले.

जिंजरला ज्युलिया सवाला, रॉकीला मेल गिब्सन, मिसेस ट्वीडीला मिरांडा रिचर्डसन आणि बॅब्सला जेन हॉरॉक्स यांनी आवाज दिला.

सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात साडेबावीस कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली. समीक्षकांनी एकमुखाने कौतुक केले, गोल्डन ग्लोबचे नामांकनही मिळाले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी ड्रीमवर्क्सने जोर लावला, पण नामांकन मिळाले नाही. अ‍ॅनिमेशनपटांचा स्वतंत्र ऑस्कर तेव्हा नव्हता. तो पहिल्यांदा २००२ च्या सोहळ्यात दिला गेला.

१० ऑक्टोबर २००५ रोजी ब्रिस्टलमधील आर्डमनच्या गोदामाला आग लागली आणि ‘चिकन रन’चे सेट व बाहुल्यांसह कंपनीचा जुना ठेवा जळाला. दोनच दिवसांपूर्वी काश्मीरमध्ये भीषण भूकंप झाला होता. जगात घडणाऱ्या दुर्घटनांपुढे हे नुकसान मोठे नाही, अशी प्रतिक्रिया पार्क यांनी दिली. डिसेंबर २०२३ मध्ये सॅम फेल दिग्दर्शित दुसरा भाग नेटफ्लिक्सवर आला. त्यात जिंजरचा आवाज थँडिवे न्यूटन यांचा आहे. आपल्याला वगळल्याबद्दल सवाला यांनी त्याआधीच जाहीर नाराजी व्यक्त केली होती. दुसऱ्या भागासाठी बाहुल्या नव्याने घडवल्या गेल्या. बॅब्सचा आवाज मात्र जेन हॉरॉक्स यांचाच राहिला.