डुप्लेक्सर खाली उतरवण्याआधी: रिपीटर ‘बहिरा’ झाला तर काय तपासाल?

पावसाळा सरला की हॅम (हौशी रेडिओ चालवणाऱ्या) मंडळींकडून आमच्याकडे एकच तक्रार येते: “रिपीटर उठतोय, पण लांबची स्टेशनं आत येत नाहीत. डुप्लेक्सर ट्यून करून द्या.” रिपीटर म्हणजे कमजोर सिग्नल ऐकून तो त्याच वेळी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात पुन्हा सोडणारं स्टेशन, आणि ‘उठणं’ म्हणजे त्याचा ट्रान्समीटर चालू होणं. एकाच अँटेनावर त्याचं ऐकणं आणि बोलणं वेगळं ठेवणारा फिल्टर म्हणजे डुप्लेक्सर. आमच्या टेबलावर आलेले त्यातले बरेचसे डुप्लेक्सर ठणठणीत निघतात. डोंगरावरून ते उतरवायचे, परत चढवायचे, यात क्लबचे दोन रविवार जातात आणि दोष मात्र वरच राहतो. म्हणून हे पत्रक.

समजा तुमचा रिपीटर १४५.१०० मेगाहर्ट्झवर ऐकतो आणि त्याच क्षणी, त्याच अँटेनावरून, १४५.७०० वर बोलतो. ट्रान्समीटरचे २५ वॉट म्हणजे +४४ डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल). चांगला रिसीव्हर ०.२ मायक्रोव्होल्टचा, म्हणजे साधारण −१२१ डीबीएमचा सिग्नल पकडतो. मधली दरी १६५ डीबीची. डुप्लेक्सरला इथे दोन कामं असतात: ट्रान्समीटरचा कॅरियर रिसीव्हरपासून रोखणं, आणि ट्रान्समीटरमधून १४५.१०० वर सांडणारा बारीक नॉइज गाळणं. हा नॉइज ट्रान्समीटरच्या बाजूच्या कॅव्हिटीतच (डुप्लेक्सरमधल्या ट्यून केलेल्या धातूच्या डब्यात) अडवावा लागतो. तो पुढे गेला की रिसीव्हरकडची कॅव्हिटी काही करू शकत नाही, कारण तो ऐकायच्या फ्रिक्वेन्सीवरच असतो.

लक्षण ओळखायला सोपं आहे. हँडीचा (हातातल्या छोट्या रेडिओचा) जेमतेम पोचणारा सिग्नल रिपीटर उठवतो, ट्रान्समीटर चालू होताच रिसीव्हरला काही ऐकू येत नाही, स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारं दार) मिटतो. शेपूट (सिग्नल गेल्यावरही ट्रान्समीटर चालू राहतो तो थोडा वेळ) संपली की तोच सिग्नल पुन्हा रिपीटर उठवतो. अशी उठबस चालू राहते आणि बोलणाऱ्याचं एकही वाक्य पूर्ण होत नाही.

आधी डमी लोड

डुप्लेक्सरच्या अँटेना पोर्टला कपलर (लाइनमध्ये थोडासा सिग्नल सोडायची जोडणी) आणि त्यापुढे डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावा. ट्रान्समीटर बंद ठेवून सिग्नल जनरेटरने कपलरमधून अगदी कमजोर, खरखरीतून जेमतेम कळेल इतकाच सिग्नल सोडा. आता ट्रान्समीटर चालू करा. खरखर वाढली तर दोष खोलीतच आहे: डुप्लेक्सर, जंपर (उपकरणं एकमेकांना जोडणारी छोटी केबल), कनेक्टर किंवा शील्डिंग. फरक पडला नाही तर डमी लोड काढून अँटेना जोडा आणि हेच पुन्हा करा. आता खरखर वाढली, तर डुप्लेक्सरच्या ट्यूनिंग रॉडला कृपया हात लावू नका. दोष अँटेना, फीडर (अँटेनापर्यंत जाणारी केबल) किंवा टॉवरवर आहे.

जंपर म्हणून एकेरी जाळीची आरजी-५८ दिसली तर आधी ती बदला. तिच्यातून सिग्नल झिरपतो. दुहेरी जाळीची केबल घ्या. अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि तांब्याची जाळी असलेली एलएमआर-४०० इतर ठिकाणी चांगली, पण डुप्लेक्स कामात दोन धातूंच्या घासणीतून नॉइज काढते.

एका टेकडीवर आम्ही स्वतः हा धडा शिकलो. अँटेना जोडली की रिसीव्हर बहिरा, पण एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परतते त्याचं माप) उत्तम, म्हणून फीडरवर संशयच घेतला नाही. शेवटी वरचा कनेक्टर उघडला. मधल्या पिनवर हिरवी भुकटी होती, आणि केबल वाकवली तसा जाळीतून पाण्याचा थेंब आला. पाणी मुरलेल्या केबलमध्ये सिग्नल इतका जिरतो की परतणारी पॉवर दिसतच नाही. चांगला एसडब्ल्यूआर म्हणजे चांगली केबल नव्हे. गंजलेले क्लॅम्प आणि सैल गाय-वायरही (टॉवरला ताणून धरणाऱ्या तारा) तशाच छळतात.

ट्रान्समीटर बंद असूनही खरखर?

मग नॉइज बाहेरून येतोय. सोलर साइट असेल तर चार्ज कंट्रोलर काढून फक्त बॅटरीवर ऐका. त्यानंतर एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय), एलईडी दिवे एकेक करून बंद करा.

टॉवरवर शेजारी ट्रान्समीटर असतील तर गणितही करून बघा, कारण दोन सिग्नल मिसळून तिसरी फ्रिक्वेन्सी तयार होऊ शकते. शेजारचा ट्रान्समीटर १४६.३०० वर असेल, तर १४५.७०० ची दुप्पट वजा १४६.३०० म्हणजे नेमके १४५.१००, तुमचा इनपुट. असा अडथळा दोघेही ऑन एअर असतानाच येतो, म्हणून वेळा लिहून ठेवा.

सबटोन (ठरावीक बारीक टोन असलेलाच सिग्नल आत घेणारी सोय) लावल्याने नको ते आवाज बंद होतात, पण रिसीव्हरची गेलेली ताकद परत येत नाही. त्याला दुरुस्ती समजू नका.

एवढं करूनही बोट डुप्लेक्सरकडेच वळत असेल तर अवश्य पाठवा. सोबत तुमचे जंपर, दोन्ही फ्रिक्वेन्सी आणि डमी लोडच्या चाचणीत काय दिसलं ते लिहून द्या. रॉडची लॉकनट आवळलेली असू द्या, आणि कॅव्हिटीमधल्या जोड केबल सोडवू नका. त्यांची लांबी ट्यूनिंगचाच भाग असते.