लाभार्थींच्या आकड्यावरून संस्थेचं काम कळतं का?

सामाजिक संस्थांबद्दल वर्षानुवर्षं फिरणारा समज असा: लाभार्थींचा आकडा मोठा म्हणजे काम यशस्वी, आणि मूल्यमापन प्रकल्प संपल्यावर करता येतं.

हे सहज पटतं, कारण आकडा समोर असतो. पण त्यातून काम किती लोकांपर्यंत पोचलं ते कळतं. फरक किती पडला ते नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडे पाहा. पावसाळ्यात धो धो पाऊस, आणि एप्रिल-मेमध्ये पाण्यासाठी पायपीट. समजा एका पाड्यावर बंधारा झाला आणि '५०० जणांना लाभ' असा अहवाल आला. ऑक्टोबरात पाहिलं तर विहिरीत पाणी दिसणारच. ते बंधाऱ्याआधीही त्या दिवसांत असायचं. म्हणून मोजायचं मे महिन्यात, आणि काम सुरू होण्याआधीच्या मे महिन्यातसुद्धा: विहिरीत किती फूट पाणी, हंडा भरून आणायला किती वेळ. ही आधीची नोंद नंतर आठवणीवर विसंबून नीट करता येत नाही.

त्या वर्षी पाऊसच जास्त झाला असेल तर? त्यासाठी तशाच जमिनीच्या, पण या बंधाऱ्याचं पाणी न पोचणाऱ्या जवळच्या पाड्यावरही तीच मापं घ्यावीत. दोन्हीकडे पाणी सारखंच वाढलं, तर ते बहुधा पावसाचं श्रेय.

देणगी देण्यापूर्वी संस्थेला विचारा: आधीची नोंद आहे का, मोजणी कोणत्या महिन्यात झाली, तुलना कशाशी केली? लहान संस्थेला दुसऱ्या पाड्याची मापं घेणं जमलं नसेल, हे समजण्यासारखं आहे. आधीच्या नोंदीला मात्र एक वही आणि खुणा केलेली दोरी पुरते.