मीम कॉइन आणि कोल्हापूर: 30 टक्के कराचं काय ऐकलं गेलं

मीम कॉइन म्हणजे इंटरनेटवरच्या विनोदाच्या नावाने निघालेलं क्रिप्टो नाणं. त्यातला डोजकॉइन 2013 च्या डिसेंबरात दोन अभियंत्यांनी चेष्टा म्हणून काढला, ही गोष्ट आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. कोल्हापूरपुरतं बोलायचं तर 2021 च्या आधीचं सांगण्यासारखं फारसं नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये बँकांना क्रिप्टोच्या धंद्यापासून लांब राहायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी ते परिपत्रक रद्द केलं आणि तीन आठवड्यांत टाळेबंदी आली. क्लास बंद, दुकानं अर्धी उघडी, हातात मोबाइल आणि खात्यात थोडे पैसे.

झटपट दुप्पट करायची हौस क्रिप्टोने आणली असं मात्र नाही. मटका बाजूला ठेवू. 2019 साली इस्लामपूरच्या एका कंपनीचा कडकनाथ कोंबड्यांचा मामला उघड झाला, तेव्हा त्यात कोल्हापूर जिल्ह्यातले शेतकरीही अडकलेले होते. पिल्लं आम्ही देतो, अंडी आणि पक्षी आम्हीच परत घेतो, असा तो वायदा होता. पुढे शेअर बाजाराच्या नावावर दरमहा परतावा देणाऱ्या योजना आल्या आणि त्यांचीही प्रकरणं पोलिसांत गेली. मीम कॉइनमध्ये एवढाच फरक, की इथे वायदासुद्धा कोणी करत नाही. त्यामुळे नंतर कॉलर कोणाची धरायची, हा प्रश्नच उरत नाही.

2021 च्या मे महिन्यात डोजकॉइन 70 सेंटच्या वर गेला. पण इथे खरी गर्दी जमली ती शिबा इनू या दुसऱ्या मीम कॉइनवर, कारण त्याचा भाव पैशातसुद्धा मोजता येत नव्हता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर दहा हजार रुपयांत पंधरा-सोळा लाख नाणी मिळत होती. ‘एक रुपया झाला तर?’ हा हिशेब चहाच्या टपरीवर रोज व्हायचा. चलनात नाणी होती साधारण 550 लाख कोटी. प्रत्येकी एक रुपया म्हणजे भारताच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त रक्कम, पण हा गुणाकार टपरीवर कोणी करत नव्हतं. त्याआधी मे महिन्यात याच नाण्याच्या फुकट मिळालेल्या साठ्यातली 50 लाख कोटी नाणी एका परदेशी प्रोग्रामरने भारताच्या कोविड मदतीसाठी दान केली. बातमी फुटली तसा भाव कोसळला. नोव्हेंबरात एका कोरियन मालिकेच्या नावाने निघालेलं नाणं 2,800 डॉलरच्या वर चढून काही मिनिटांत शून्याला टेकलं. घेता येत होतं, विकायची सोयच ठेवली नव्हती.

मग 1 फेब्रुवारी 2022 उजाडला. अर्थसंकल्पात ‘आभासी डिजिटल मालमत्ते’च्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आला, आणि 1 जुलैपासून विक्रीच्या रकमेवर 1 टक्का टीडीएस. कर लावला म्हणजे मान्यता दिली असं नव्हे, हे सरकारने तेव्हाच सांगितलं होतं. कोल्हापुरात मात्र पहिलंच वाक्य ऐकलं गेलं. ‘भावा, सरकार कर घेतंय म्हणजे कायदेशीरच की!’ सोशल मीडियावरच्या टिप देणाऱ्यांनी हे वाक्य उचललं आणि वर्षभर वापरलं. बाजारावर देखरेख नव्हती, तक्रारीला दार नव्हतं, पण कराचा रकाना होता. या अर्धवट अवस्थेने जेवढी माणसं आत ओढली तेवढी कुठल्या जाहिरातीने ओढली नसतील, असं माझं मत आहे.

दुसरी बाजू तोट्याची. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. समजा, एक लाखाची पाच नाणी घेतली, प्रत्येकी वीस हजारांची. चार बुडाली, पाचवं पाचपट झालं. हातात एक लाखच, म्हणजे कमाई शून्य. कर मात्र पाचव्याच्या 80 हजारांवर, उपकरासह 24,960 रुपये. लॉटरीलाही हाच न्याय आहे, हा समर्थकांचा मुद्दा खोटा नाही. पण लॉटरीचं तिकीट दिवसात चाळीस वेळा विकत-घेत नाहीत, आणि इथे एक नाणं देऊन दुसरं घेतलं तरी ती विक्रीच धरतात. जुलै महिन्यात राजारामपुरीतल्या एखाद्या सीएच्या ऑफिसात बसा. पोरगं मोबाइलवरून सातशे ओळींची फाइल पाठवतं, आणि विवरणपत्रात प्रत्येक व्यवहाराची घेतल्याची तारीख, विकल्याची तारीख, खरेदी, विक्री, सगळं भरायचं असतं. निम्म्या ओळींत खरेदीची किंमतच सापडत नाही, कारण ते नाणं तिसरंच नाणं देऊन घेतलेलं असतं.

परिणाम अपेक्षित होता. व्यवहार देशी एक्स्चेंजवरून, म्हणजे नाणी घेण्या-विकण्याच्या ऑनलाइन बाजारांवरून, परदेशी एक्स्चेंजवर आणि खासगी वॉलेटकडे (नाणी स्वतःकडेच ठेवायच्या डिजिटल पाकिटाकडे) सरकले. डिसेंबर 2023 मध्ये नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या आणि त्यांच्या वेबसाइट बंद करायला सांगितलं गेलं. तोवर अनेकजण ओळखीतून किंवा टेलिग्रामवरून रुपये देऊन डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो नाणं घ्यायला शिकले होते. यात नवीच भानगड निघाली: समोरच्याने पाठवलेले पैसे सायबर फसवणुकीतले निघाले, तर कुठल्या तरी परराज्यातल्या पोलिसांच्या पत्रावर इथलं खातं गोठतं. उसाचं बिलही त्याच खात्यात येणार असेल तर घरात काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

त्यातच जानेवारी 2024 पासून पंप.फन नावाच्या वेबसाइटमुळे नाणं काढणं हे मिनिटाचं काम झालं. नाव टाका, चित्र टाका, शंभर कोटी नाणी तयार. प्रत्येक खरेदीला सूत्राप्रमाणे भाव वर सरकतो, म्हणून काढणारा सगळ्यात स्वस्तात घेऊन बसलेला असतो. एकूण किंमत साधारण 69 हजार डॉलर झाली की नाणं खुल्या बाजारात जायचं, पण बहुसंख्य नाणी तिथवर पोचायच्या आत मरायची. 17 जानेवारी 2025 रोजी अमेरिकेच्या होऊ घातलेल्या अध्यक्षांच्या नावाचं नाणं आलं. दोन दिवसांत 70 डॉलरच्या पुढे गेलं आणि फेब्रुवारीअखेर 20 च्या खाली होतं. त्याच महिन्यात तिथल्या शेअर बाजार नियामकाच्या एका विभागातल्या अधिकाऱ्यांनी मीम कॉइन हे रोखे (शेअरसारखी गुंतवणूक) नाहीत, असं निवेदन काढलं. इथल्या ग्रुपांवर त्याचा अर्थ पुन्हा ‘परवानगी मिळाली’ असाच लागला, जरी त्या निवेदनाचा अर्थ ‘रोख्यांच्या कायद्याचं संरक्षण तुम्हाला नाही’ असा होता.

भारतातला दर जागचा हललेला नाही. 2025 साली संमत झालेल्या नव्या आयकर कायद्यातही 30 टक्के आणि तोट्याची बंदी तशीच आहे. दरम्यान, टीडीएसच्या नोंदी आणि विवरणपत्रं जुळवून, ज्यांनी हे व्यवहार दाखवले नाहीत त्यांना आयकर खात्याचे ईमेल येऊ लागले आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांनी पैसे घालवलेले आहेत. पण कुठल्या तरी एका नाण्यात, कधीतरी, नफा झाला होता.